दही लागतं, गजर लागतो आणि इंग्रजीतला 'सेट'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पार्ले पूर्वेला आमच्या इमारतीत एक मुलगी राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, चांगले मार्क मिळवले आणि अकरावीला कॉलेजात गेली. दोन महिन्यांतच तिनं जाहीर केलं, "मला इंग्रजी येणं शक्य नाही." का, म्हणून विचारलं तर तिनं वहीच पुढे केली. एका पानावर 'सेट' या शब्दाचे कोशातून उतरवलेले अर्थ होते: ठेवणे, मांडणे, मावळणे, घट्ट होणे, जडवणे, नेमून देणे, संच, नेपथ्य... शेजारच्या पानावर 'रन'चीही अशीच मारुतीची शेपटी. "दोन शब्दांना एवढे अर्थ. मी पाठ तरी किती करायचे?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला. "अगं, आधी दार लाव, मांजर येईल. मग कुकर लाव. आणि दही लावलंस का?" मुलगी उठली आणि तिन्ही कामं करून आली. पहिल्या 'लाव'ला तिनं दार बंद केलं, दुसऱ्याला डाळतांदूळ धुऊन कुकर गॅसवर ठेवला, तिसऱ्याला कोमट दुधात विरजण घातलं. तीन वेळा एकच क्रियापद, कामं मात्र तीन. कोश एकदाही उघडावा लागला नाही. मला त्या दिवशी तिला आणि आज आपल्याला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे.

आधी या दोन इंग्रजी शब्दांची थोरवी पाहू. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सर्वांत लांबलचक नोंद होती 'सेट'ची. त्याचे सव्वाचारशेच्या वर अर्थ दिलेले होते. पुढे कोशाचं नव्यानं संपादन सुरू झालं आणि २०११ साली बातमी आली, की 'रन'नं 'सेट'ला मागे टाकलं. 'रन'च्या नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले होते. एका संपादकाला या एका शब्दासाठी नऊ महिने खर्ची घालावे लागले. कारण शोधायला लांब जायला नको. यंत्रं, आगगाड्या, कारखाने, संगणकाचे प्रोग्राम, हे सगळं इंग्रजीत 'रन' होतं. जग जसजसं हलू लागलं, तसतसा हलण्याचा शब्द फुगत गेला.

पण हे शेकडो अर्थ शेकडो ठिकाणांहून आलेले नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी एकेक चित्र आहे. 'सेट' हे मुळात 'सिट'चं, म्हणजे बसण्याचं, प्रयोजक रूप. 'बसणे'वरून 'बसवणे' व्हावं, तसं. एखादी गोष्ट तिच्या जागी बसवली, की ती 'सेट' झाली. मोडलेलं हाड बसवतात, हिरा कोंदणात बसवतात, घड्याळाचे काटे वेळेवर आणतात. दुधाची हालचाल थांबून ते दही होतं आणि सूर्य क्षितिजाखाली जाऊन जणू 'बसतो'. वस्तूंचा 'सेट', म्हणजे संच, हा मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याच्यामागे लॅटिनमधला अनुयायांचा गट दाखवणारा शब्द आहे. दोन्ही घराणी पुढे एकमेकांत मिसळून गेली.

'रन'चं चित्र याच्या अगदी उलट. तिथे काहीतरी सतत पुढे सरकत असतं. नळाचं पाणी वाहतं, सर्दीनं नाक वाहतं, कच्च्या कापडाचा रंग जातो, दुकान चालतं, रस्ता गावापर्यंत जातो. एक शब्द थांबवणारा आणि एक चालवणारा. शाळेच्या मैदानावर शर्यतीआधी 'सेट' म्हटलं, की मुलं जागच्या जागी थिजतात, आणि इशारा होताच 'रन'!

आता आपल्याकडे पाहा. 'सेट' जसा 'सिट'चा, तसा आपला 'लावणे' हा 'लागणे'चा. आणि कामं किती! गजर लावतो, दिवा लावतो, झाड लावतो, गंध लावतो, तंबोरा लावतो, डबा लावतो, शिकवणी लावतो, पैज लावतो, शिस्त लावतो, अर्थ लावतो, लग्न लावतो आणि जीवही लावतो. मूळ चित्र एकच, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडणं. संस्कृतातल्या 'लग्' या धातूचा अर्थही चिकटणं, जोडलं जाणं हाच. 'लग्न' हा शब्दही त्यातलाच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तीत 'लागणे' आणि 'लावणे' या नोंदी काढून बघा, इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या मुलीला जे वाटलं, तेच मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला वाटलं असेल!

'रन'ची जोडी आपल्याकडे बरीचशी 'चालणे'शी जुळते. गंमत अशी, की इंग्रजाचं यंत्र धावतं आणि आपलं चालतं. फ्रेंच माणसाचंही चालतंच, जर्मन माणसाचं घड्याळ 'जातं'. यात बरोबर-चूक काही नाही, ज्याची त्याची पाहण्याची रीत. शब्दाला शब्द ठेवला, की मात्र घोटाळा होतो. 'गाड्या उशिरानं धावत आहेत' हे वाक्य आपण फलाटावर ऐकतो, तेव्हा आपली लोकल सांताक्रूझ आणि पार्ल्याच्या मध्ये ढिम्म उभी असते. उभी राहूनही धावण्याची ही किमया 'रन'ची. क्रिकेटमध्ये मात्र हेच भाषांतर शोभून दिसलं. चौकार मारणारा फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याला चार 'धावा' मिळतात. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना त्यात काही खटकत नाही.

मग हे शिकायचं कसं? अर्थांची यादी पाठ करून नव्हे. माणूस संगतीवरून ओळखावा, तसा शब्दही. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली याच आशयाचं मत मांडलं होतं. आजीच्या 'लाव'चा अर्थ मुलीला कळला तो 'दार', 'कुकर', 'दही' या शेजाऱ्यांमुळे. इंग्रजी शब्दही त्याच्या शेजाऱ्यासकट उचलावा. सूर्याबरोबरचा 'सेट' वेगळा लिहावा, गजराबरोबरचा वेगळा, हाडाबरोबरचा वेगळा. आणि 'लावणे' म्हणजे 'सेट' असं समीकरणही मांडू नये. गजर, दही, आग इथे दोघांचं जमतं. दार, झाड, दिवा म्हटलं की इंग्रजी वेगळे शब्द काढते.

आणखी एक सावधगिरी. हे शब्द आपल्या तोंडी आहेत, म्हणून ते आपल्याला पूर्ण येतात असं नाही. परके शब्द आपल्या घरी येताना सगळं सामान आणत नाहीत; इथे आल्यावर नवीनही जमवतात. 'त्यानं सेटिंग लावली' यातली लबाडी किंवा 'रनिंगमध्ये गाडी पकडली' यातलं धाडस साहेबाला कळणार नाही. उलट, पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात पडद्यामागची मंडळी 'सेट लावतात' आणि नाटक 'चालतं', तेव्हा दोन्ही भाषा एकमेकींना खांदा देत असतात. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण 'दही सेट झालं', 'केस सेट केले', 'गजर सेट केला' असं म्हणता म्हणता लागणं, बसवणं, लावणं हे तीन वेगळे रंग एकाच रंगात बुडतात. ते मात्र जपायला हवेत.

मुलीनं जुनी वही बाजूला ठेवून नवी केली आहे. तिच्यात सुटे अर्थ नाहीत, छोटी छोटी वाक्यं आहेत. परवा ती म्हणत होती, "पूर्वी वाटायचं मला भाषाच येत नाहीत. एक तर केव्हाचीच येतेय!" मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येक मुलाला कुणीतरी हे वेळेवर सांगायला हवं. शंभर अर्थांचा एक शब्द तो आजवर न अडखळता वापरत आला आहे. तेवढ्या बुद्धीला दुसरा शब्द जड जाण्याचं कारण नाही.