इंग्रजी वाक्यातील परिमाण आणि क्रियापदाचा मेळ

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. विद्यार्थ्यास शब्द येतात, अर्थही समजतो. परंतु वाक्य लिहिताना ‘इज’च्या जागी ‘आर’ आणि ‘मेनी’च्या जागी ‘मच’ पडतो. या चुका आळसाच्या नसून बहुधा मराठीच्या पक्क्या संस्काराच्या असतात. त्यांचे मूळ न दाखविता नुसती तांबडी रेघ ओढली, तर ‘आपणास इंग्रजी येणारच नाही’ हा समज मुलाच्या मनात घर करतो.

मावळ हा भाताचा मुलूख. येथील मूल ‘तांदूळ चांगले आहेत’ असे सहज म्हणते, म्हणून ते ‘राइस आर गुड’ लिहिते. इंग्रजीत राइस हे दाणे न मानता एक पदार्थ मानतात. सबब ‘राइस इज गुड’ हेच शुद्ध होय. ‘पैसे आहेत’ येथेही ‘मनी इज’ असेच म्हणावे लागते.

मराठीतील ‘पुष्कळ’ हा शब्द मुलांनाही चालतो आणि पाण्यालाही. इंग्रजीत येथे वाटणी आहे. मोजावयाच्या वस्तूंस मेनी व फ्यू, मापावयाच्या पदार्थास मच व लिट्ल. ‘अ लॉट ऑफ’ दोहोंस चालते. क्रियापद मात्र पुढील नामाप्रमाणे येते. शिक्षकाने एका वाटीत चिंचोके व दुसरीत पाणी ठेवून ‘किती?’ असे विचारावे. चिंचोके मूल मोजते. तेथे ‘हाऊ मेनी’. पाण्यास माप शोधते. तेथे ‘हाऊ मच’. तेच पाणी पेल्यांत ओतले म्हणजे पेले मोजता येतात, आणि ‘थ्री ग्लासेस ऑफ वॉटर’ आपोआप कळते.

आता मेळ. देहूरोड व घोरावाडी यांच्या दरम्यान बेगडेवाडी हे लोकलचे स्थानक आहे. तेथील मुलांस ही वाक्ये जवळची वाटतील: ‘अ लोकल स्टॉप्स हिअर’, ‘मेनी लोकल्स स्टॉप हिअर’, ‘एव्हरी लोकल स्टॉप्स हिअर’. साध्या वर्तमानकाळात अनेकवचनी नामास ‘स’ लागला की क्रियापदाचा ‘स’ जातो. ‘एव्हरी’ने अनेक गाड्या सुचविल्या, तरी क्रियापद एकवचनीच राहते. येथे मराठी साहाय्यास येते, कारण आपणही ‘प्रत्येक गाडी थांबते’ असेच म्हणतो. ‘मुलांपैकी एक आला आहे’ याप्रमाणेच ‘वन ऑफ द बॉईज हॅज कम’.

दोन ठिकाणी मात्र मराठी चकविते. ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. म्हणून ‘राम ईट्स मेनी मँगोज’ लिहिताना मुलाची दृष्टी आंब्यांकडे जाते व ‘ईट’ उमटते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याकडेच पाहते. दुसरे ठिकाण आदरार्थी बहुवचनाचे. ‘वडील आले आहेत’ म्हणणारे सुसंस्कारी मूल ‘माय फादर आर’ लिहिते. इंग्रजीत तो आदर क्रियापदात दाखवीत नाहीत, हे त्यास प्रेमाने सांगावे.

वही तपासताना प्रत्येक चुकीपाशी मुलास दोनच प्रश्न विचारावेत: ही वस्तू मोजतात की मापतात? आणि कर्ता कोण? उत्तर त्याने स्वतः दिले म्हणजे दुरुस्तीही त्याच्याच हातून होते, आणि ती टिकते.