रेडिओचे श्रोते मोजायचे कसे?

वृत्तपत्राच्या खपलेल्या प्रती मोजता येतात; नभोवाणीचा आवाज किती कानांपर्यंत पोहोचला, हे केंद्राला आपोआप कळत नाही. अमेरिकेत आर्बिट्रॉन ही कंपनी त्यासाठी निवडक श्रोत्यांकडून आठवडाभराची डायरी भरून घेत असे. श्रोते पुष्कळदा स्मरणाने लिहीत आणि आवडत्या केंद्राला झुकते माप देत.

२००७ साली फिलाडेल्फियात डायरीची जागा पेजरएवढ्या यंत्राने घेतली. कार्यक्रमात मिसळलेला, कानांना न जाणवणारा संकेत ते टिपते. दुकानात सहज कानी पडलेले केंद्रही त्यात नोंदले जाते. कानी पडणे म्हणजे ऐकणे नव्हे, असे आम्हांस वाटते. यंत्र मात्र हा भेद जाणत नाही.

त्यातही एक गंमत आहे. पाव तासात पाच मिनिटे ऐकले, की तो सबंध पाव तास केंद्राच्या खात्यात जमा होई. मग चतुर संचालकांनी जाहिराती दोन पाव तासांच्या सांध्यावर ठेवल्या, म्हणजे दोन्हींकडची पाच मिनिटे शाबूत राहत! निवेदकांचे बोलणेही आखडले. शांत संभाषणात संकेत नीट दडत नाही, ही तक्रार वाढल्यावर २०१५ साली नील्सनने तो अधिक बळकट केला. (आर्बिट्रॉन २०१३ मध्येच नील्सनकडे गेली होती.)

लोक आता तुकड्यातुकड्यांनी ऐकतात. म्हणून २०२५ पासून पाचाऐवजी तीनच मिनिटे पुरेशी धरली जातात. लहान शहरांत मात्र अजूनही डायरीच भरली जाते.