सरासरीत विरघळलेली दीड मिनिटं

आयबीएमच्या मेनफ्रेमवर एन्क्रिप्शनसाठीचं क्रिप्टो एक्सप्रेस कार्ड किती राबलं, हे झेड/ओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आरएमएफ हे साधन मोजतं आणि एसएमएफ या नोंदव्यवस्थेच्या 70 क्रमांकाच्या रेकॉर्डमध्ये, सबटाइप 2 खाली, ती नोंद होते. त्या नोंदीचा गाभा दोन आकड्यांत आहे: इंटरव्हलमध्ये किती ऑपरेशन झाली आणि त्यांना एकूण किती वेळ लागला. दर सेकंदाचा वेग, प्रत्येक ऑपरेशनचा वेळ, कार्ड किती टक्के व्यस्त होतं, हे सगळं या दोहोंतूनच निघतं. माझं म्हणणं एवढंच, की या नोंदींचा सारांश साठवताना त्यात हे दोन आकडे जपावेत. टक्के आणि सरासऱ्या लागतील तेव्हा काढाव्यात. समजा, एक कार्ड सेकंदाला 1000 ऑपरेशन करतं, प्रत्येकी 0.2 मिलिसेकंदात, दुसरं फक्त 10, पण प्रत्येकी 5 मिलिसेकंदांत. दोन वेळांची साधी सरासरी काढली तर 2.6 येते. एकूण वेळेला एकूण ऑपरेशननी भागलं तर जेमतेम 0.25. दहापट फरक! आणि पहिल्या आकड्यावर विसंबलं, तर धडधाकट कार्ड मंदावलंय असं वाटून नवीन घ्यायची मागणी जाते.

यावर कुणी म्हणेल, की क्षमतेच्या नियोजनाला महिन्याचा कल पुरतो, आणि वर्षभराच्या बारीक नोंदी ठेवायच्या तरी कुठे? जागेची अडचण खरी आहे. पण 15 मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये कार्ड 90 सेकंद पूर्ण भरलेलं आणि बाकी वेळ रिकामं असेल, तरी रिपोर्ट 10 टक्केच सांगतो, आणि पिन तपासणीची विनंती नेमकी त्या दीड मिनिटात अडते. ही दीड मिनिटं मूळ रेकॉर्डमध्येही दिसत नाहीत, हे कबूल. म्हणूनच त्यावर तासाची आणि दिवसाची सरासरी आणखी चढवू नये. निदान दिवसातला सर्वांत व्यस्त इंटरव्हल बेरजांशेजारी ठेवावा. त्याला एक ओळ पुरते.

बेरीज करतानाही जपावं लागतं. कार्डांचे आकडे अख्ख्या मशीनचे असतात, तर आयसीएसएफ या झेड/ओएसच्या क्रिप्टो सेवेचे आकडे नोंद करणाऱ्या एकाच एलपारचे, म्हणजे मशीनच्या एका तार्किक विभागाचे. चार एलपारच्या नोंदी सरसकट मिळवल्या, तर तेच कार्ड चारदा मोजलं जातं. शिवाय कार्ड निवांत दिसलं म्हणजे एन्क्रिप्शन थंडावलं, असंही नव्हे: 2017च्या झेड14 मेनफ्रेमपासून डेटासेट सरसकट एन्क्रिप्ट करण्यावर भर आला, आणि ते काम प्रोसेसरमधल्याच सीपॅक-एफ या एन्क्रिप्शन सुविधेवर होतं. त्याचा भार कार्डाच्या रकान्यात शोधून सापडत नाही.