कावेरीकाठचे शांतिवन : सुगीनंतरचे चार दिवस



भात मळून घरात आले, उसाची तोड मार्गी लागली, की जानेवारीअखेरपासून उपवासकाळ लागेपर्यंत आपल्या खानापूर-बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. याच दिवसांत आम्ही दरवर्षी रिट्रीटची सूचना वाचून दाखवतो आणि दरवर्षी तीच दहा-बारा माणसे नावे देतात. गेल्या वर्षी मात्र मिस्सानंतर एक गृहस्थ मुद्दाम थांबले व म्हणाले, "फादर, तामिळनाडूत म्हणे एक कॅथलिक आश्रम आहे. तिथे प्रार्थनेला वेद वाचतात, कुराणही वाचतात. हे खरे का? आणि खरे असेल तर आपल्याला चालते का?"

विचारण्यात राग होता, आणि त्याचे कारण आम्हाला ठाऊक होते. नव्या कणसांच्या सणाला आम्ही वेदीपुढे पंचारती ओवाळली होती, तेव्हा हेच गृहस्थ उठून बाहेर गेले होते. आम्ही म्हणालो, "खरे आहे. चला, पाहून येऊ." दोन जोडपी, ते गृहस्थ आणि आम्ही असे सहा जण फेब्रुवारीत निघालो.

हा आश्रम म्हणजे कुळित्तलैजवळच्या तन्नीरपळ्ळी गावचा सच्चिदानंद आश्रम. लोक त्याला शांतिवनम् म्हणतात. पूर्वी हा भाग तिरुचिरापल्ली जिल्ह्यात होता, आज करूर जिल्ह्यात आहे. आश्रम कावेरीच्या काठी आहे. फेब्रुवारीत नदीचे पात्र म्हणजे नजर पोचेल तेथवर वाळू आणि मधून एक-दोन धारा. आमच्यातले एक शेतकरी म्हणाले, "हेच का ते पाणी, ज्यासाठी आपले राज्य आणि यांचे राज्य भांडते?" मलप्रभा आणि म्हादई यांच्या उगमाजवळ राहणाऱ्या माणसाला नदीचे भांडण समजावून सांगावे लागत नाही.

आश्रमाची स्थापना २१ मार्च १९५० रोजी झाली. त्या काळच्या पंचांगाप्रमाणे तो संत बेनेडिक्ट यांचा सण. संस्थापक दोन फ्रेंच धर्मगुरू. फादर ज्यूल मोंशानँ हे १९३९ साली भारतात आले व तिरुचिरापल्ली धर्मप्रांतात खेड्यापाड्यांतून काम करीत होते. दुसरे आंरी ल सो हे बेनेडिक्टाइन व्रतस्थ. त्यांनीच पुढे स्वामी अभिषिक्तानंद हे नाव घेतले. दोघांनी भगवी वस्त्रे घेतली, झोपड्यांत राहिले, शाकाहार पत्करला आणि वाट पाहिली. कोणीही टिकून राहिले नाही. मोंशानँ १९५७ साली पॅरिसमध्ये वारले, तेव्हा दाखवण्यासारखे फळ काहीच नव्हते. आम्ही धर्मगुरू माणसे वर्षअखेरीस बाप्तिस्मे, लग्ने, कन्फर्मेशन मोजत बसतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला विशेष लागली.

स्वामी अभिषिक्तानंद १९६८ साली हिमालयात उत्तरकाशीला गेले. १९७३ च्या जुलैत ऋषिकेशला त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले. आमच्या इंदूरच्या मराठी वाचकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? १९६८ पासून आश्रमाची धुरा फादर बीड ग्रिफिथ्स या इंग्रज बेनेडिक्टाइनांनी घेतली. त्यांच्या काळात जगभरचे लोक येऊ लागले. तेही १३ मे १९९३ रोजी तेथेच वारले.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ.

पहाटे पाचच्या सुमारास घंटा होते. मग एक तास प्रत्येकाने आपल्या जागी, नाहीतर नदीकाठी, गप्प बसायचे. नंतर सकाळची प्रार्थना व ख्रिस्तयाग. दुपारी एक प्रार्थना, सूर्यास्ताला पुन्हा तासभर मौन आणि मग सायंप्रार्थना. या प्रार्थनांत आपली स्तोत्रे व शुभवर्तमान असतेच, परंतु त्यांच्या आधी इतर धर्मांच्या ग्रंथांतला उतारा वाचतात. त्यांत वेद-उपनिषदे आहेत, कुराण आहे, शिखांचा गुरु ग्रंथ साहिब आहे, तामिळ भक्तांची गीतेही आहेत. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी विभूती. राख तर आपल्याला परकी नाही, राखेच्या बुधवारी आम्ही स्वतःच ती तुमच्या कपाळाला लावतो. कुंकवावरून मात्र आपल्या घराघरांत किती वाद झाले आहेत ते सांगायला नको. कोणी हात जोडून ते नाकारले तरी तिथे कोणी डोळे वटारत नाही.

चर्चची बांधणी दक्षिणेतल्या देवळासारखी आहे. गोपुरावर पवित्र त्रैक्याची त्रिमुखी मूर्ती आहे. आत सगळे जमिनीवर बसतात. ख्रिस्तयागात अर्पणाच्या वेळी आठ दिशांना आठ फुले वाहतात, पाणी, धूप आणि अग्नी यांनी ओवाळणी होते. हे कोणा फादरच्या लहरीने चाललेले नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत स्पष्ट केले, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. पुढे भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने मान्यता दिली. जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, आरती ओवाळणे या त्यांतल्याच. म्हणजे आपल्या कणसांच्या सणाची आरतीही त्या परवानगीतलीच. (हे आम्ही तेव्हाच नीट समजावून सांगायला हवे होते. तेवढी चूक आमची.)

येणाऱ्यांत हिंदू असतात, बौद्ध साधना करणारे असतात, कोणताच धर्म न मानणारेही असतात. प्रार्थनेला सर्वांनी बसावे, परंतु ख्रिस्तशरीर स्वीकारणे हे चर्चच्या नियमाप्रमाणे कॅथलिकांसाठीच आहे.

आश्रमांवर टीकाही पुष्कळ झाली आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. काही हिंदू लेखकांनी म्हटले, की भगवी वस्त्रे हे धर्मांतराचे नवे सोंग आहे. सीताराम गोयल यांनी १९८८ साली यावर पुस्तकच काढले. आम्हाला त्याहून अधिक टोचते ती दलित ख्रिस्ती बांधवांची तक्रार. ते विचारतात, "ज्या संस्कृत मंत्रांजवळ आमच्या आजोबांना उभे राहू दिले नाही, ते आम्ही चर्चमध्ये कशाला म्हणायचे?" आमच्यासोबतच्या जोडप्यांपैकी एकाने परत येताना गाडीत हेच विचारले. त्याला समाधानकारक उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. आश्रमातले तामिळ गीत त्याला आवडले होते, संस्कृत नाही. मराठी माणसाला तुकोबांचा अभंग जवळचा वाटावा तसेच ते आहे. आपल्याकडे असे काही करायचे झाले तर ते मराठीतून आणि ओवी-अभंगाच्या वळणाने व्हावे, असे आमचे मत आहे.

महाराष्ट्रात हा प्रयत्न झालेलाच नाही असे नव्हे. अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली त्या वेळच्या अहमदनगरात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि पुढे पुण्यास आश्रम उभा राहिला. १९७२ पासून कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी एकत्र राहून तो नव्याने चालवला. त्यांत सिस्टर सारा ग्रँट होत्या.

आता शेतीविषयी, कारण हे पान शेतीचेही आहे. शांतिवनात नारळ-केळीची बाग आणि गोठा आहे. पाहुणे न्याहारीनंतर भाजी चिरायला बसतात, जेवण जमिनीवर बसून हाताने, ताट आपले आपण धुवायचे. आमच्या दोन्ही भगिनींना ही व्यवस्था पाहून हसू आले. त्यांपैकी एक म्हणाली, "फादर, लग्न झाल्यापासून कोणी वाढलेले सलग चार दिवस बसून जेवले ते इथेच." त्या बाईचे हे वाक्य घरोघरी ऐकले जावे म्हणून मुद्दाम छापतो आहोत.

दूधधंद्याची खरी कहाणी मात्र केरळातल्या वागमोण येथील कुरिसुमला आश्रमाची. बेल्जियमचे फादर फ्रान्सिस माहिउ आणि हेच बीड ग्रिफिथ्स यांनी तो १९५८ साली उघड्या डोंगरावर सुरू केला. तिथल्या व्रतस्थांनी गवत लावले, संकरित गाई पाळल्या आणि आसपासच्या गरीब कुटुंबांनाही दुधाच्या धंद्याची वाट दाखवली. पोट भरण्यासाठी त्यांनी देणगीवर नव्हे तर गोठ्यावर भिस्त ठेवली.

कोणत्या ऋतूत जावे? तिथला पाऊस आपल्याहून वेगळा. आपल्याकडे भात कापणीला येते तेव्हा, ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यांचा मोठा पाऊस पडतो. नाताळपासून फेब्रुवारीपर्यंत हवा बरी असते व पाहुणेही जास्त असतात. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो. नव्या तांदळाचा भात उतू जाऊ देतात आणि दुसऱ्या दिवशी गुरांची पूजा होते. आपला बेंदूर-पोळाच समजा, फक्त सुगीनंतरचा. ऑगस्टच्या सुरुवातीला आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी काठावरचे लोक नदीला पाणी आले म्हणून तिची पूजा करतात. एप्रिल-मेमध्ये उकाडा असह्य असतो, त्या वेळी वयस्कांनी मुळीच जाऊ नये.

ते प्रश्न विचारणारे गृहस्थ पहिल्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेला दाराशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते गोठ्यात सापडले. तामिळ येत नाही, तरी गड्याबरोबर वैरण टाकत होते. संध्याकाळी मागच्या भिंतीला टेकून बसले व उतारा वाचून होईपर्यंत उठले नाहीत. गाडीत त्यांनी सांगितले, "पुढच्या कणसांच्या सणाला मी बाहेर जाणार नाही. पण तबक माझ्या हातात देऊ नका." आम्ही कबूल केले आणि यंदा ते पाळलेही.

आरोग्याच्या दोन गोष्टी. मौनाने मन हलके होते, झोप चांगली लागते, परंतु रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ध्यानशिबिरात बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडल्या आणि आठ दिवसांत त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. गुडघे दुखणाऱ्यांनी मांडी घालण्याचा हट्ट करू नये, खुर्ची मागावी. ज्यांना फार दिवसांची उदासी आहे, झोप उडाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. तासन्‌तास एकटे गप्प बसणे अशांना सोसेलच असे नाही.

पुढच्या खेपेला आठ जणांना नेता येईल. तिरुचिरापल्ली-करूर रेल्वेमार्गावर कुळित्तलै स्टेशन आहे. आश्रमाला आधी पत्र टाकून जागा आहे का ते विचारावे लागते, म्हणून नावे संक्रांतीच्या आधी द्यावीत. गोठ्यातली जनावरे मागे कोण पाहणार हे शेजाऱ्याशी बोलून ठरवूनच नाव द्यावे. गेल्या वेळी एकाला त्या काळजीने दोन रात्री झोप आली नाही. सोबत पातळ चादर, मच्छरदाणी, चालू असलेली औषधे आणि आपली स्वतःची प्रार्थनेची वही.