तात्या विंचू यायच्या आधीची शिट्टी

२०१३ च्या जूनमध्ये 'झपाटलेला २' नाशिकला लागला, तेव्हा मी मुद्दाम भिंतीकडेची खुर्ची धरली. तिथून पडदा जरा तिरका दिसतो, पण रांगांमधली माणसं नीट दिसतात. मला त्या दिवशी पडद्याइतकीच माणसं बघायची होती. महेश कोठारे यांचा पहिला 'झपाटलेला' १९९३ चा. मध्ये वीस वर्षं गेली होती. त्या वेळी आईच्या पदराआड तोंड लपवणारी पोरं आता स्वतःची पोरं घेऊन आली होती.

दिवे मालवले आणि बराच वेळ त्यातला झपाटलेला बाहुला, तात्या विंचू, पडद्यावर आलाच नाही. थिएटरात मात्र तो येऊन बसला होता. मागच्या रांगेतून कुणीतरी त्याचा मंत्र, 'ओम फट स्वाहा', म्हटला, पुढून दुसऱ्यानं त्याला साथ दिली, एक शिट्टी वाजली. सिक्वेलच्या प्रेक्षकाची ही खूण मला नंतर प्रत्येक वेळी दिसली. पहिल्या भागात प्रेक्षक पात्राच्या मागून चालतो. ते काय करतं ते बघतो, मग दचकतो, मग हसतो. दुसऱ्या भागात तो पात्राच्या पुढे चालतो. कोठाऱ्यांच्या इन्स्पेक्टर महेश जाधवच्या तोंडी 'डॅम इट' यायच्या आत अर्ध्या थिएटरनं ते म्हणून टाकलेलं असतं. पात्रानं ते मागून म्हटलं की टाळी पडते, कारण ओळखीचा माणूस ओळखीसारखा वागला.

चित्रपट थ्रीडीत होता, मराठीत तेव्हा ते नवं होतं. बाहुला अंगावर आल्यासारखा झाला की लहान मुलांचे हात आपोआप पुढे जात, काही हात झटक्यात मागे येत. पण मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिले ते आईबाप. ऐन भीतीच्या प्रसंगात कितीतरी जण चष्मा कपाळावर चढवून शेजारच्या लेकराचा चेहरा बघत होते. पडद्यावर काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. आपण लहानपणी जिथे घाबरलो तिथे हाही घाबरतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पोरगं दचकलं की बाप समाधानानं हसायचा आणि हात त्याच्या पाठीवर ठेवायचा.

अशा चित्रपटातलं हसू कसं तयार होतं, हे जवळून ऐकण्यासारखं आहे. आधी एक किंकाळी येते, बहुधा एकटीच. मग किंकाळणारीला स्वतःचंच हसू येतं. मग शेजारच्या तिला हसतात, आणि ते हसू रांगेतून पुढे सरकतं. तोवर पडद्यावरचा प्रसंग पुढे गेलेला असतो. म्हणून जाणता दिग्दर्शक दचकवल्यानंतर लगेच महत्त्वाचं वाक्य ठेवत नाही. ठेवलं तर ते हशात बुडतं. बायकांचा घोळका असला तर आणखी एक गोष्ट होते. 'अरे मेल्या, मागे बघ!' असा नायकाला इशारा जातो. खलनायक नायकाच्या पाठीमागे उभा असताना थिएटरातला एकही माणूस परका राहत नाही. सगळे नायकाचे नातेवाईक होतात.

तात्या विंचूत भीती आणि हसू एकाच अंगात बसवलेलं आहे. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला गुडघ्याएवढा, आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात तो बोलतो मात्र मुरलेल्या गुंडासारखा. एवढंसं शरीर धमकी देतं म्हणून हसू येतं. तेच शरीर पलंगाखाली मावेल, हे आठवून अंगावर काटा येतो. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी भयपटातही झपाटलेला बाहुला होताच. कोठाऱ्यांनी त्याला मराठी नाव, मराठी शिव्याशाप आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लक्ष्यासारखा भाबडा बळी दिला, आणि तो आपल्या घरचा झाला.

कोठाऱ्यांच्या चित्रपटांतले खलनायक आधी नावानंच पकडतात. टकलू हैवान, कवट्या महाकाल, कुबड्या खवीस. नावात एक अवयव किंवा शरीराची खोड, आणि पुढे राक्षसाची पदवी. मुलांना हे नाव गल्लीत खेळायला लगेच उचलता येतं. 'थरथराट', 'धडाकेबाज' बघून आलेली नाशिकची पोरं अंगणात आणि गच्चीवर कोण होण्यासाठी भांडायची, हे मी पाहिलेलं आहे. नायक व्हायला कुणीही तयार असे. कवट्या महाकाल व्हायचं तर चेहरा झाकावा लागे, आवाज बदलावा लागे, चाल बसवावी लागे. ज्याला ते जमे तोच खलनायक. इतकी मेहनत केलेलं पात्र कुणी विसरत नाही.

म्हणून सिक्वेलमध्ये नायक बदलला तर लोक सोसतात, खलनायक बदलला तर सोसत नाहीत. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ ला गेले. दुसऱ्या भागात लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे आला. लक्ष्याचं नाव निघालं तेव्हा थिएटर एकदम शांत झालं, कुणीतरी हळूच चुकचुकलं. पुढच्याच प्रसंगांत लोकांनी त्याच्या मुलाला आपलं म्हटलं. तात्या विंचू मात्र त्यांना तस्साच हवा होता, त्याच आवाजाचा, त्याच डोळ्यांचा. आणि बाहुल्याला वय होत नाही. वीस वर्षांनी प्रेक्षकांचे केस पिकले, नायक काळाआड गेला, पण ज्याच्यापासून आपण पळालो होतो तो होता तसाच समोर उभा राहिला. त्या शिट्टीत हा आनंद होता. आपलं बालपण कुणीतरी जपून ठेवलंय, आणि तेही खलनायकानं.

हिंदीतही हेच घडलं. 'वेलकम' २००७ चा, 'वेलकम बॅक' २०१५ चा. मधल्या काळात नायक अक्षयकुमारचा जॉन अब्राहम झाला. नाना पाटेकरांचा उदय शेट्टी आणि अनिल कपूरचा मजनू हे दोन गुंड मात्र तेच राहिले. उदय शेट्टी राग आवरायला धडपडतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या रागाची वाट बघत असतात, आणि तो आवरला गेला तर त्यांना चुटपुट लागते.

आपल्या नाशिकमध्ये खलनायकाशी ही आधीपासूनची ओळख सिनेमाइतकीच जुनी आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपलं काम नाशिकला हलवलं आणि १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर' केला. कमलाबाई गोखले त्यात मोहिनी होत्या. ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म, असा वर मिळालेला असुर नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. मारामारी आणि विनोद एकाच हालचालीत संपतात. ही गोष्ट कीर्तनातून, आजीच्या तोंडून प्रत्येकानं ऐकलेली असायची. म्हणजे भस्मासुर पहिल्यांदा पडद्यावर आला तोच दुसऱ्या भागातल्यासारखा. शेवट माहीत असलेल्या लोकांसमोर.

आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावनं यापुढचं पाऊल टाकलं. त्या यंत्रमागाच्या गावात नासिर शेख आणि मित्रांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला, मग 'मालेगाव का सुपरमॅन'. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात ही धडपड दिसते. त्यांचा सुपरमॅन कुणाशी लढतो? तंबाखूच्या धंद्यावर गबर झालेल्या, घाण आवडणाऱ्या खलनायकाशी. प्रेक्षकांनीच कॅमेरा हातात घेतला, तेव्हा त्यांनी खलनायक आपल्या गटारांतून आणि पानटपऱ्यांवरून उचलला. मला ही प्रतिक्रिया कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाची वाटते. याच मालेगावात २०२३ च्या दिवाळीत 'टायगर ३'च्या खेळाला थिएटरच्या आत फटाके उडाले, लोकांची पळापळ झाली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ते प्रेम नव्हे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला खरी भीती घातली की पडद्यावरच्या खोट्या भीतीची मजाच मरते.

कारण ही सगळी मजा शेजाऱ्यावर उभी आहे. मोबाइलवर एकट्यानं तात्या विंचू बघणारं मूल दचकतं आणि पुढे सरकवतं. त्याची किंकाळी हशात बदलायला शेजारी कुणी नसतं. नाशिकमधली जुनी एकपडदा थिएटरं एकामागून एक बंद पडली, मल्टिप्लेक्सचं तिकीट सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. म्हणून माझं आईबापांना सांगणं आहे: ओळखीचा खलनायक परत आला की पोरांना गर्दीच्या खेळाला न्या, जमलं तर आजीलाही न्या. त्यांना ओरडू द्या, नायकाला 'मागे बघ' म्हणू द्या. भीती चारचौघांत वाटून घेता येते आणि वाटली की तिचं हसू होतं, हे मुलांना तिथेच कळतं.