पेटीतला गांधार

परळी वैजनाथसारख्या गावी शाळेत पियानो सहसा नसतो. पण संगीताच्या तासाला पेटी असते. दोन्हींची मांडणी एकच : सप्तकात सात पांढऱ्या व पाच काळ्या, मिळून बारा पट्ट्या. पेटीवर बोटे बसली की पियानोचा पहिला धडा झालाच समजा.

आता प्रयोग करा. सा व प एकदम दाबा. आवाज जवळजवळ स्थिर वाटेल. मग सा व शुद्ध ग दाबा. नीट कान दिल्यास जलद थरथर जाणवेल. ती कशाने?

समजा, सा ची कंपने सेकंदाला २४० आहेत. सुरेल गांधार सव्वापट, म्हणजे ३०० हवा. पण पेटीत प्रत्येक पट्टीचा सूर मागच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट ठेवतात. या हिशेबाने गांधार ३०२.४ येतो. हा फरकच थरथरतो. पंचम मात्र ३६० ऐवजी ३५९.६ येतो, म्हणून खटकत नाही.

ही चूक नव्हे, तडजोड आहे. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. कोणतीही पट्टी सा मानली तरी सुरांतील अंतरे तीच राहतात.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ई. क्लेमेंट्स यांच्यासह त्यांनी श्रुतींची पेटीही करवून घेतली.

तेव्हा बोटे पेटीवर शिकवा. पण कान तंबोऱ्यावर तयार करा. सुरेल लागलेल्या खर्जाच्या तारेतून सव्वापटीचा गांधार आपोआप ऐकू येतो.