म्हातारचळ म्हणण्याआधी गोळीचं नाव बघा

हात थरथरतो, चाल मंदावली, सदऱ्याची बटणं लागत नाहीत, हे पारोळ्यातलं कुठलंही घर धुळ्याच्या किंवा जळगावच्या डॉक्टरांना न लाजता सांगतं. पण साठी ओलांडलेला माणूस रात्रभर बायकोच्या मागे लागतो आणि दिवसा मोबाइलवर नको ते बघत बसतो, हे तपासणीच्या खोलीत कुणी काढत नाही. ते ओट्यावरच राहतं : ‘बुढाले चळ लागना.’ सून दाराला आतून कडी घालते, मुलगा बापाशी बोलणं टाकतो.

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, औषध चालू असताना असा बदल नव्याने दिसला, तर पहिला संशय स्वभावावर नव्हे, गोळीवर घ्यावा. या आजारात मेंदूतलं डोपामिन घटतं. लेव्होडोपा ही गोळी त्याची भरपाई करते, तर प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल त्याची नक्कल करतात. अडचण अशी की डोपामिन फक्त हालचाल सांभाळत नाही. इच्छा, हाव आणि सुखाची ओढही त्याच्याच हाती असते. हाताला पुरेल एवढा डोस मेंदूच्या ही ओढ सांभाळणाऱ्या भागाला जास्त होऊ शकतो. मग कुणाची कामेच्छा आवरत नाही, कुणी सट्ट्यात पैसे घालतो, कुणी मध्यरात्री उठून खातो. बायकोचं बाहेर काहीतरी आहे, असा निराधार संशयही काहींच्या डोक्यात बसतो. त्यापायी म्हातारपणी सोन्यासारख्या बाईवर आळ येतो.

अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नक्कल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत अशी एखादी तरी अनावर सवय आढळली. त्या न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. अनावर कामेच्छा सगळ्या रुग्णांमध्ये मिळून ३.५ टक्के होती. म्हणजे गोळी घेणारा प्रत्येक जण असा होत नाही, पण हा योगायोगही नव्हे. फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेताना जुगार आणि लैंगिक वर्तन अनावर झालेल्या एका रुग्णाला औषध कंपनीने भरपाई द्यावी, असा निकाल २०१२ साली रेन शहराच्या अपील न्यायालयाने दिला.

हे कळल्यावर घरचे हमखास करतात ती चूक म्हणजे ‘गोळीच बंद करा.’ तसं अजिबात करू नये. लेव्होडोपा एकदम थांबवली तर अंग लाकडासारखं ताठून तीव्र ताप येऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. नक्कल करणाऱ्या गोळ्या झटकन सोडल्या तर घबराट आणि खोल उदासी येऊ शकते. डोस डॉक्टरांनीच उतरवायचा, तोही पायरीपायरीने. बहुतेकांचं वागणं त्यानंतर निवळतं.

‘झाडपाल्याने काय अपाय होणार?’ हा आपल्याकडचा आणखी एक भ्रम. ‘ताकदीच्या’ पावडरींत खाजकुइरीचं बी सर्रास असतं. त्या बियांत लेव्होडोपाच असतं. भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते त्यातून वेगळं काढलं होतं. तेव्हा गोळी चालू असताना गुपचूप अशी पावडर खाणारा माणूस नकळत डोस वाढवत असतो, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो.

हे सगळं वाचून कंपवात म्हणजे वाढलेली वासना, असा नवा गैरसमज व्हायला नको. बऱ्याच घरांत दुखणं नेमकं उलटं असतं. इच्छा आटते, पुरुषाला ताठरता येत नाही, बाईला कोरडेपणाचा त्रास होतो, कुशीवर वळायलाही कष्ट पडतात. आजाराबरोबर येणारं नैराश्य त्यात भर घालतं. चेहऱ्याचे स्नायू आखडल्याने माणूस मनातून हसला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि बायको समजते, यांना माझ्याबद्दल काही वाटेनासं झालं. यावरही इलाज आहेत : नैराश्याचे उपचार, वंगण, गोळीचा असर चांगला असतानाची वेळ निवडणं. ताठरतेची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नये. कंपवातात अनेकांचा रक्तदाब आधीच घसरत असतो, आणि हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ती जीवघेणी ठरू शकते.

वागण्यातला बदल डॉक्टरांना सांगणार कोण? रुग्ण बहुधा लपवतो, कधी त्याला त्यात गैर काही वाटतच नाही. म्हणून बायकोने पाच मिनिटं एकटीने भेटावं. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी द्यावी : गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, वागणं कधी बदललं. डोस उतरून फरक पडेपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्या काळात पैसे आणि बँकेचं कार्ड दुसऱ्याकडे ठेवावं, घरात लहान मुलं असतील तर त्यांना त्याच्याजवळ एकटं सोडू नये. आणि नवरा आजारी आहे म्हणून बायकोचा नकार मोडीत निघत नाही. तिने वेगळ्या खोलीत झोपायचं ठरवलं, तर सासू-नणंदांनी तिला सेवेचे धडे देऊ नयेत.